रिकामा ताबा

१

घर घेताना भिंतींकडे कमी आणि भिंतींआड राहणाऱ्यांकडे जास्त बघावं, असं साधनाचं मत होतं. आणि तिची मतं ऐकून घेण्यावाचून तिच्या वडिलांना, रायभान आबांना, दुसरा इलाज नव्हता. गंगाखेडच्या एका पतसंस्थेत ती कर्जाची कागदपत्रं तपासायची. कुठल्या उताऱ्यात कुणाच्या बहिणीचं नाव दडपलंय, कुठल्या घरावर जुना बोजा बसलाय, हे तिला कागद हातात घेताच वासानं कळायचं. त्यामुळं पालमच्या बसस्टँडमागच्या पाच खोल्या विकायला निघाल्या आणि आबा त्या एकदाच बघून येऊन ‘घेऊन टाकू’ म्हणाले, तेव्हा ती भडकली.

“आबा, ही काय शेळी हाय का? बघितली की धरलं दावं?”

“शेळीचे दात तरी बघावं लागतेत,” आबा म्हणाले. “हितं तेबी काम न्हाई. चांगल्या हायत खोल्या.”

“चांगल्या हायत हे तुमाला कोण सांगितलं?”

आबांनी पटका नीट केला. हल्ली ते असेच मध्येच गप्प व्हायचे आणि चेहऱ्यावर काहीतरी लपवल्यासारखं हसू यायचं. साधनाला ते हसू अजिबात आवडत नव्हतं.

आबांनी जन्म मेंढरांमागं काढला होता. दिवाळी झाली की पालमहून निघायचं, रानोरान तळ टाकत येलदरीच्या अंगाला जायचं, पावसाळ्याच्या तोंडाला परत यायचं. बरोबर माय, म्हणजे साधनाची आई, बायनाबाई. साधना मात्र लहानपणापासून वसतिगृहात. तळ हलायच्या आदल्या दिवशी माय वसतिगृहाच्या फाटकाशी यायची, फडक्यात बांधलेल्या भाकरी हातात द्यायची आणि मागं न बघता जायची. गेल्या हिवाळ्यात येलदरीकडंच, पालातच, तापानं ती गेली. कुणाच्या तरी बांधाच्या कडेला आबांनी अग्नी दिला. त्यानंतर आबांनी सगळी मेंढरं विकली, एक कोकरूसुद्धा मागं ठेवलं नाही. आता ह्या खोल्या फसल्या तर परत जायला ना कळप होता ना रान. खरेदी साधनाच्या नावावर होणार होती. म्हणजे चूक झालीच तर तीही तिच्याच नावावर.

म्हणून तिनं सगळं तपासलं. वकिलाचा शोध अहवाल स्वच्छ, नगरपंचायतीचा कर भरलेला, बोजा नाही, हरकत नाही. राहिले होते फक्त भाडेकरू.

२

ती बाजाराच्या दिवशी दुपारी गेली. पाच खोल्या एका ओळीत, पुढं सलग ओटा, वर पत्रा. पहिलीत बबिता शिवणकाम करायची. दुसरीतलं जोडपं शाळेवर गेलं होतं. तिसरीत लिंबाजी मामा, पाचवीत एका व्यापाऱ्याची सोयाबीनची पोती. चौथी रिकामी, असं मालक चंद्रभान काकांनी सांगितलं होतं. तिच्या दाराला कुलूप होतं, इतकं गंजलेलं की किल्ली घातली तर मोडूनच यावी.

“या की ताई आत,” बबितानं मशीनचं पायडल थांबवलं. “तुमीच घेणार म्हणं खोल्या. भाडं वाढवायचं नाव काढू नका, आधीच सांगून ठेवते. पत्रा गळतोय.”

“कुठं गळतोय दाखवा.”

दोघींनी पत्रा बघितला. साधनानं विजेचं, पाण्याचं, किती वर्षांपासून राहता, अनामत किती, सगळं विचारलं. बबिता फटकळ होती, पण खरं बोलत होती. निघताना ती म्हणाली, “अन् एक सांगू का? मालक बदलला म्हणून चौथीतल्या बाईला काढू नका. लय गरीब हाय. कुणाच्या अध्यात न्हाई, मध्यात न्हाई.”

“चौथी रिकामी हाय.”

“कोण म्हणलं?”

“चंद्रभान काका.”

बबिता तोंडाला पदर लावून हसली. “मग सकाळ-दुपार भाकरी काय चंद्रभान काका थापायलेत?”

साधनाला चीड आली, पण आनंदही झाला. सापडलं! इतके स्वच्छ कागद बघून तिला आधीच खटकलं होतं. मालकानं एक भाडेकरू लपवला होता. खरेदी झाली की ती बाई आतून बाहेर येणार, ‘मी इथं किती तरी वर्षं राहते’ म्हणणार, आणि मग कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या.

“तुमी बघितलंय का तिला?”

“न्हाई बा. दार लावूनच असती.”

“दाराला बाहेरून कुलूप हाय, बबिताताई.”

हे बबिताच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं, असं दिसलं. मग तिनं दोऱ्याचं टोक तोंडात घालून ओलं केलं. “मागून असंल वाट. आधी एक म्हातारी होती, सारखी खोकायची. ती गेली बहुतेक. ही नवी हाय. तुमचे आबा पहिल्यांदा खोल्या बघायला आले का न्हाई, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून.”

३

मागून वाट नव्हती. साधना बोळातून फिरून आली. मागची भिंत सलग, एक लहान खिडकी, तिला आतून फळी ठोकलेली.

तिसरीतले लिंबाजी मामा तेलाच्या घाण्यावर कामाला होते. त्या दिवशी घरीच होते.

“मामा, तुमच्या भिंतीला भिंत हाय. चौथीत कोण राहतंय?”

“मला एका कानानं ऐकू येत न्हाई, बाई.”

“अन् दुसऱ्या?”

“दुसऱ्यानं ऐकायचं न्हाई असं ठरवलंय.” स्वतःच्याच बोलण्यावर ते खुश झाले. मग आवाज खाली आला. “पर वास येतो. ज्वारीची भाकर फुगल्याचा. बायको गेल्यापासून मला भूक लागत नव्हती. आता लागायली. कशाला त्या बाईला छेडता?”

तेवढ्यात साधनाला ऐकू आलं.

थप. थप. मग एक हलकी, अर्धवट. मग पुन्हा थप.

तिनं भिंतीला कान लावला. भिंत गार होती. आवाज भिंतीच्या अगदी पलीकडून, खालून, जमिनीवर बसलेल्या माणसाच्या हातांच्या उंचीवरून येत होता. मध्ये परात फिरवल्याची खरखर. बांगड्यांचा आवाज नव्हता. पुन्हा थप, थप, आणि ती हलकी.

मायच्या उजव्या हाताचं मधलं बोट पेरभर तुटलेलं होतं. कसं तुटलं ते ती दर वेळी वेगळं सांगायची. कधी कातरीनं, कधी कोल्ह्यानं, कधी ‘तुझ्या आबानं मागून घेतलं’. त्यामुळं तिच्या थापण्यात तिसरी थाप नेहमी हलकी पडायची. साधनाला हे आठवलं, आणि आठवलं म्हणून स्वतःचाच राग आला. पालममध्ये हजार बायका भाकरी थापतात. पातळ भिंतींतून आवाज कुठूनही येतो. माणसाला जे हवं असतं तेच कानाला ऐकू येतं, यात नवल ते काय.

ती पुन्हा मागं गेली. खिडकीच्या फळीला एक चीर होती. डोळा लावला तर आधी नुसता अंधार, मग पत्र्याच्या भोकातून पडलेला उन्हाचा ठिपका, आणि त्या ठिपक्यात परात. परातीत उरलेल्या पिठाचा गोळा. त्यावर बोटं उमटवलेली.

साधनानं श्वास सोडला. चला, जिवंत बाई आहे.

उरलेल्या पिठाचा गोळा तिच्या घरात कुणी नुसता ठेवत नसे. बोटं दाबून त्यावर खुणा करायच्याच. गुळगुळीत गोल गोळा मेलेल्या माणसासाठी असतो. खुणा केलेला, जित्या माणसांच्या पोटासाठी. भूत भाकरी थापेलही एखाद्या वेळी, पण भूत पिठावर बोटं कशाला उमटवेल?

एवढ्या पुराव्यावर तिनं निकाल देऊन टाकला.

४

चंद्रभान काका घरापुढं खुर्ची टाकून बसले होते.

“चौथीत कुणाला ठेवलंय, काका?”

“कुणाला न्हाई.”

“खरेदीखतात लिहिलंय, सगळ्या भाडेकरूंची नावं सांगितली, चौथीचा रिकामा ताबा दिला. मला ताबा रिकामाच पायजे.”

“किल्ली हरवलीय, पोरी.”

“मग कुलूप तोडते.”

“माझी म्हातारी होती तिथं, गेल्यावरबी,” काका म्हणाले. “तवर इकायचं नाव काढलं न्हाई मी. लोकं मागं लागले तरी. तुझे आबा खोल्या बघून गेले त्या दिवसापास्नं खोकला बंद झाला. आता मला तिथं काहीच ऐकू येत न्हाई. म्हणून इकायलो.”

सरळ प्रश्नाला सरळ उत्तर द्यायचं नाही, ही म्हाताऱ्या माणसांची खोड साधनाला पुरेपूर माहीत होती. “ऐकू येत न्हाई तर डॉक्टरला दाखवा,” ती म्हणाली आणि उठली.

खोल्यांकडे परत आली तर चौथीसमोर ओट्याखाली पोतं अंथरून आबा बसलेले. पटका गुडघ्यावर, काठी शेजारी. जेवायला बोलावण्याची वाट बघणाऱ्या माणसासारखे.

“आबा! हितं काय करायलात?”

“बसलोय.”

“रोज येता?”

आबांनी मान खाली घातली. चोरी पकडलेल्या पोरासारखी. बबिता दारातून म्हणाली, “रोजच येतेत की. मला वाटलं तुमाला ठाव हाय.”

साधनाला सगळं एकदम कळलं, आणि जे कळलं ते तिनं मनातून ढकलून दिलं. “उद्या रजिस्ट्री हाय. त्याच्या आधी ही खोली उघडणार मी. आत कुणीतरी घुसून बसलंय.”

“घुसून न्हाई बसलेली,” आबा म्हणाले. “साधे, उघडू नको. तुला खोल्या घ्यायच्यात नं? जशा हायत तशा घे. ती एक सोडून दे. मी तुला आजवर काय मागितलं का?”

“आबा, माय गेली. तुमीच अग्नी दिला.”

“व्हय. उघड्यावर.”

“मग?”

“जल्मभर उघड्यावरच ठेवली मी तिला.” आबांचा आवाज चिरकला. “दर सालाला म्हणायची, मेंढरं इकून दोन भिंती घ्या. दाराला आतून कडी लावून एक दिवस झोपू द्या मला. मी म्हणायचो, पुढच्या सालाला. आता कुठं तिला दार मिळालंय. तू काहून...”

“म्हणजे भिंती तिला पायजे होत्या तवा दिल्या न्हाईत, अन् आता माझ्या नावावर भुतं घ्यायची?” साधना ओरडली. “तुमी तिला चालवून चालवून मारलं, आबा. मला तिच्या हातची गरम भाकरी कधी मिळाली न्हाई. नेहमी फडक्यात बांधलेली, गार. आणि आता तुमाला इथं बसून वास घ्यायचाय!”

चौथीतला आवाज थांबला होता.

५

तिनं ओट्याच्या कडेचा दगड उचलला.

पुढं तिला पुन्हा पुन्हा आठवत राहिलं ते कुलूप नाही, दगड नाही, तर तिचा स्वतःचा आवाज. भाडेकरूला दम देताना लावायचा असतो तसा तो तिनं लावला होता.

“आत कोण असंल ते ऐका! ही जागा आमची हाय! सामान उचला अन् निघा! आत्ताच्या आत्ता खोली रिकामी करा!”

आवाज उठून पत्र्यावर आदळला. आणि त्याच क्षणी तिला तो ओळखीचा वाटला. लहानपणी सुट्टीत ती एकदा तळावर गेली होती. चुलीवर तवा चढलेला, पहिली भाकरी अर्धी भाजलेली, आणि बांधावरून कुणी शेतमालक ओरडत आला होता: उठा, आमच्या रानातून उठा, आत्ताच्या आत्ता. माय एक अक्षर बोलली नव्हती. तवा उतरवला, भांड्यात भांडं घातलं, चुलीचे तीन दगड काजळी लागलेली बाजू खाली करून पालथे टाकले. चालायला लागल्यावर एवढंच म्हणाली होती, “जिथनं एकदा उठवलं तिथं पुन्हा तळ टाकायचा न्हाई, बाय. मरून गेलं तरी न्हाई.”

दारापलीकडं भांड्यात भांडं गेल्याचा आवाज झाला.

मग फडकं झटकल्याचा. मग गाठ आवळताना हुंकार देतात तसा एक छोटासा हुंकार.

“साधे, थांब,” आबा उठायला धडपडत होते. “साधे, तिला सांग, चुकून म्हणले म्हण...”

पण हात आधीच उगारला गेला होता. गंजलेलं कुलूप एका घावात तुटलं. दार आपल्याच वजनानं आत गेलं.

खोलीभर धूळ होती, जाड, सलग, एकाही पावलाचा ठसा नसलेली. मधोमध तीन दगडांची चूल, तळावर मांडतात तशी. निखारा लाल. परातीतला पिठाचा गोळा तिच्याकडे तोंड करून होता, आणि आता दारातून पुरेसा उजेड होता. चार खुणा. मधल्या बोटाची अर्धीच.

कोपऱ्यात धूर जरा दाट होता. त्या दाटपणात कुणीतरी पाठमोरं वाकलं होतं, डोक्यावर पदर, डोईवर गाठोडं चढवत. तेवढंच. साधनाला हाक मारायची होती. तोंड उघडलं. वसतिगृहाच्या फाटकाशी ती शब्द जसा रोखून धरायची, तसाच तो आताही अडकून राहिला.

मग तिच्या डाव्या खांद्याजवळून काहीतरी गेलं. अंग चोरून, पदरसुद्धा लागू नये अशा बेतानं, मालकाच्या समोरून गरीब माणूस जातं तसं. ज्वारीचा वास आला, गरम भाकरीचा. गेला.

तिनं पुन्हा आत बघितलं तेव्हा परात नव्हती. धुळीत तीन दगड पालथे पडले होते, काजळी खाली.

आबांनी ओट्याखालचं पोतं उचललं, घडी करून काखेत मारलं. काठी घेतली.

“कुठं निघालात, आबा?”

“ती निघाली नं,” आबा म्हणाले. त्यांनी तिच्याकडे बघितलंही नाही. “एकटी कशी जाईल?”

बोळाच्या तोंडाशी ते वळले. घोडीवर सामान लादून बाई पुढं आणि गडी मागं चालतो, तसे जरा मागं राहून, जरा डाव्या अंगानं. आणि एक हात कमरेपासून लांब धरलेला, त्यात कुणी काहीतरी जड दिल्यासारखा.

बबिता आपल्या दारात कपाळाला हात लावून उभी होती. “ताई,” ती म्हणाली, “मी म्हणले होते नं, काढू नका म्हणून.”

६

आबा दिवेलागणीला परतले. रिकाम्या हातानं. साधना ओट्यावरच बसून होती.

“कुठवर गेला होतात?”

“शिवेपर्यंत.”

“मग?”

“पुढं येऊ देईना. म्हणली, तुमी माघारी जावा. लेक एकटी हाय.”

साधना आबांच्या पायाशी बसली आणि त्यांच्या धोतराच्या सोग्यात तोंड खुपसून रडली. अग्नी दिला तेव्हा ती नोकरीतल्या परीक्षेला होती आणि पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तेव्हाचंही रडणं त्यात होतं. आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

रजिस्ट्री झाली. कागद स्वच्छ होते. ताबा रिकामा होता. चंद्रभान काकांनी सही करताना तिला एवढंच विचारलं, “उघडलीस का?” आणि उत्तराची वाट न बघता कागद पुढं सरकवला.

चौथी तिनं कुणाला दिली नाही. झाडली, सारवली, दाराला आतून नवी पितळी कडी बसवली. बाहेरून काहीच नाही. तिन्ही दगड उचलून पुन्हा चूल मांडली. आता आबा आणि ती दुसऱ्या गल्लीत भाड्यानं राहतात, पण रोज संध्याकाळी पतसंस्थेतून आली की ती चौथीत बसते. कोऱ्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून तिनं दारावर लावलंय: खोली रिकामी आहे. राहणाऱ्यांनी विचारण्याची गरज नाही. बबितानं ते वाचलं आणि मशीनकडे वळली. लिंबाजी मामांची भूक पुन्हा मेली. भिंतीपलीकडून त्यांचं कुशीवर वळणं तेवढं ऐकू येतं.

माय वाचायला शिकली नव्हती, हे साधनाला पाटी लावल्यावर किती तरी दिवसांनी आठवलं.

परवा बबिता सांगत आली. शिवायचं कापड काखेत तसंच, धापा टाकत.

“ताई, ती बाई दिसली म्हणं. मागच्या गल्लीत, माझ्या गिऱ्हाइकिणीच्या दारात. डोक्यावर गाठोडं. खोली हाय का म्हणून विचारायली होती. न्हाई म्हणल्यावर पुढच्या दारात गेली, तिथून पुढच्या. ती सांगत होती, बाईचं एक बोट...”

“मला माहीत हाय. पुढं?”

“गिऱ्हाइकिणीनं सांगितलं की तिला. बसस्टँडच्या मागं जा म्हणली, चौथी खोली रिकामीच हाय, भाडंबी घेत न्हाईत, नुसती वाट बघायलेत.”

साधना उभी राहिली. दारात आबा बसले होते. त्यांचीही मान वर झाली.

“मग? काय म्हणली ती?”

बबितानं आधी आबांकडे बघितलं, मग साधनाकडे. मग दाराच्या नव्या कडीकडे.

“म्हणली, न्हाई बाई. तिथनं उठवलंय मला.”